माजींची मालिका संपेपर्यंत

जळगावला मी ज्या डाळमिलची टायपिस्ट होते, तिचं ऑफिस मालकांच्या घरातच होतं. मिल गावाबाहेर, औद्योगिक वसाहतीत. कागदपत्रांचं सगळं काम मात्र पेठेतल्या घराच्या तळमजल्यावर चालायचं. माझ्या खुर्चीमागे भिंत होती आणि भिंतीपलीकडे घरच्यांची बैठकीची खोली. तिथे टीव्ही होता. मालकांच्या आई, ज्यांना ऑफिसातले सगळे माजी म्हणायचे, त्यांना ऐकू कमी यायचं. त्यामुळे टीव्हीचा आवाज पूर्ण सोडलेला असायचा.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट आहे. तेव्हा दुपारी साडेतीनला एक हिंदी मालिका लागायची. एका फार मोठ्या उद्योगपतीचं घराणं, त्याचे दोन मुलगे, आणि त्याच्यामागे कंपनी कुणाच्या ताब्यात जाणार यावरून चाललेली ओढाताण. आठवड्यातले पाच दिवस ती लागायची आणि पाचही दिवस ती मी ऐकायचे. बघितली कधीच नव्हती. म्हाताऱ्या उद्योगपतीचा घोगरा आवाज, धाकट्या मुलाचा गोड, दबका आवाज, फोनच्या घंट्या, काचेचे ग्लास, आणि कुणी काही भयंकर बोललं की ढग गडगडल्यासारखं संगीत. इकडे मी ‘आपले पत्र मिळाले, मजकूर समजला’ असं टाइप करत असायचे. कधीकधी त्या संगीताने बोट चुकायचं आणि तीन कार्बनच्या खालच्या प्रतींपर्यंत खाडाखोड करावी लागायची.

तेव्हा मी अडतिशीत होते. लग्न राहून गेलेलं. मूळ गाव धुळे. वडील तिथे प्राथमिक शिक्षक होते. नोकरीसाठी मी जळगावला आले आणि एका खोलीत एकटी राहू लागले. वडील गेल्यावर वर्षभरात आईही माझ्याकडे आली. आली म्हणजे, तिला यावं लागलं. धुळ्याचं दोन खोल्यांचं घर माझ्या भावाने आपल्या नावावर करून घेतलं होतं. त्यासाठी हक्कसोडीचा कागद घेऊन तो एका रविवारी जळगावला आला होता. असले कागद मी स्वतः कितीतरी टाइप केले होते, त्यातली वाक्यं मला पाठ होती. तरी मी तो न वाचता सही केली. वाचून काय करणार होते? पुढे आईचं आणि वहिनीचं पटेना, आणि एका संध्याकाळी आई ट्रंक घेऊन एसटीतून उतरली. त्यानंतर आठ वर्षं आम्ही दोघींनी धुळ्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

मालक दोघे भाऊ. त्यांचं घराणं राजस्थानातून आलेलं, पण तीन पिढ्या खान्देशात गेलेल्या, त्यामुळे मराठी आमच्यासारखंच बोलायचे. थोरल्यांना आम्ही मोठे भाऊ म्हणायचो, धाकट्यांना धाकटे भाऊ. वडील असेपर्यंत सगळं एका आवाजात चाललं. ते गेल्यावर मोठे भाऊ वडिलांच्या गादीवर बसू लागले. म्हणजे खरोखरची गादी, पांढरी खोळ आणि लोड असलेली. धाकट्यांचं त्याच खोलीत समोर स्टीलचं टेबल होतं. धुळ्याला त्यांची दुसरी, लहान मिल होती. धाकट्यांच्या मनात तिथे नवी यंत्रं बसवायची, डाळ पोत्याऐवजी छापील पाकिटांतून विकायची, असं बरंच काही होतं. मोठ्या भाऊंना दलालांमार्फत चालणारा जुना धंदा सोडायचा नव्हता. आधी वाद झाले, मग आवाज चढले, आणि एके दिवशी दोघांनी बोलणंच बंद केलं.

पाच महिने ते एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. पण धंदा थांबत नाही, निरोप तर जायलाच हवेत. मग ते एकमेकांना पत्रं लिहू लागले, आणि ती पत्रं माझ्याकडून टाइप होऊ लागली.

सकाळी मोठे भाऊ मला जवळ बोलवून हळू आवाजात सांगायचे की धुळ्याच्या मिलसाठी नवी यंत्रं घेण्यास आमची संमती नाही, तरी आपण तसा व्यवहार करू नये. मी टाइप करायचे. ‘आपणास कळविण्यात येते की’ अशी सुरुवात. सही घ्यायचे, आणि दहा पावलं चालत जाऊन ते पत्र धाकट्या भाऊंच्या टेबलावर ठेवायचे. ते वाचायचे. जेवणानंतर मला बोलवायचे आणि तितक्याच हळू आवाजात उत्तर सांगायचे. ‘आपले पत्र मिळाले. त्यातील मजकूर आम्हास मान्य नाही.’ मी ते टाइप करून दहा पावलं परत यायचे. सांगितलेलं समोरच्याला ऐकू जाईल म्हणून दोघेही माझ्या कानाशी बोलायचे. आणि एक सांगायला हवं, दुसऱ्याने काय सांगितलंय हे दोघांपैकी कुणीही मला आधी कधी विचारलं नाही. एवढा सभ्यपणा त्यांच्यात होता.

मला त्या दिवसांत फार थकवा यायचा. काम जास्त होतं असं नाही. पण एकाचा राग टाइप करून झाला की दुसऱ्याचा राग त्याच मशीनवर, त्याच बोटांनी टाइप करायचा, आणि मागे भिंतीपलीकडे तेच भांडण हिंदीत चाललेलं. घरी जाऊन मी आईशी बोलायचे नाही. ती भाकरी वाढायची, मी खायचे आणि आडवी व्हायचे. आईला वाटायचं, ऑफिसात मला कुणी त्रास देतंय.

शेवटी माजींनी आपल्या भावाला बोलावून घेतलं. दोघा भाऊंचे मामा. सत्तरीचे, कडक इस्त्रीचं धोतर, हातात नेहमी घडी केलेलं वर्तमानपत्र. ते आठवडाभर राहिले, वर एकेकाशी वेगळं बोलले, आणि आठव्या दिवशी सकाळी खाली येऊन माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, वाटणीचं ठरलं आहे, यादी सांगतो, टाइप करा.

जळगावची मिल आणि हे घर मोठ्या भाऊंना. धुळ्याची मिल आणि तिथे बांधकाम चालू असलेला बंगला धाकट्या भाऊंना. मग गोदामं, मग गाड्या. मग ऑफिसातलं सामान सुरू झालं, कपाटं, पंखे, टेबलं. मी मान खाली घालून टाइप करत होते. मला सवय होती, मजकूर कानात शिरतो आणि बोटांतून निघून जातो, मध्ये कुठे थांबत नाही. इंग्रजी टाइपरायटर जळगावला. आणि मग मामा म्हणाले, “मराठी टाइपरायटर एक, टायपिस्टसह, धुळे.”

मी टाइप केलं. ‘टायपिस्टसह’ हा शब्द पूर्ण झाल्यावर माझे हात थांबले. मामा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहिलेलं पुढचं वाचत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. त्यांना बहुधा कळलंही नसेल की टायपिस्ट म्हणजे समोर बसलेली बाई. ते पुढे सांगू लागले आणि मी पुढची ओळ टाइप केली. ती शेवटची ओळ होती. ‘मातोश्री सहा महिने जळगाव, सहा महिने धुळे.’

दुपारी सह्या करायच्या ठरल्या. साडेतीनच्या सुमारास मामांनी दोघा भाऊंना बैठकीच्या खोलीत बोलावलं आणि मला प्रती घेऊन यायला सांगितलं. आत गेले तर माजी त्यांच्या नेहमीच्या लाकडी आरामखुर्चीत टीव्हीसमोर बसलेल्या, आणि मालिका नुकतीच सुरू झालेली. मामा बटण बंद करायला गेले. माजींनी हात वर केला. म्हणाल्या, “आधी हे संपू दे. मग तुमचं.”

मामांनी हात मागे घेतला. ते बसले. मोठे भाऊ दिवाणाच्या एका टोकाला बसले, धाकटे दुसऱ्या टोकाला. मी दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर कागद घेऊन. दीड वर्षं जे मी भिंतीआडून ऐकत होते ते त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

आवाजावरून मी प्रत्येकाचा चेहरा मनात ठरवून ठेवला होता, आणि एकही जुळला नाही. गोड बोलणारा धाकटा मुलगा मला वाटला होता सडपातळ. तो चांगला आडव्या अंगाचा निघाला. त्या दिवशीच्या भागात म्हातारा उद्योगपती दवाखान्यातून परत येतो. त्याचं ऑफिस म्हणजे सगळी काच. लांबलचक टेबल, भोवती सूट घातलेले दहा-बारा लोक, आणि त्याच्या खुर्चीत धाकटा मुलगा बसलेला. मतदान झालेलं आहे. सगळ्यांनी हात वर करून बापाला काढून टाकलं आहे. थोरला मुलगा खिडकीशी पाठ करून उभा, त्यानेही हात वर केला होता हे त्याच्या पाठीवरूनच समजतं. बाप एकेकाच्या तोंडाकडे बघत जातो. संगीत गडगडतं. एक सेक्रेटरी बाई येते, म्हाताऱ्यासमोर फाइल ठेवते, “जी सर” म्हणते आणि निघून जाते. कॅमेरा तिच्यामागे गेला नाही. मी मात्र ती ज्या दाराने गेली तिकडेच बघत राहिले. तिने ती फाइल स्वतः टाइप केली असणार. दाराबाहेर गेल्यावर ती कुठे बसली असेल, पाणी प्यायली असेल का, असलं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं.

खोलीत कुणी हलत नव्हतं. दोघे भाऊ सरळ पडद्याकडे बघत होते. एकमेकांकडे बघायचं टाळायला ती चांगली सोय होती.

मध्येच मोठे भाऊ म्हणाले, “एवढं मोठं टेबल, त्यावर एक कागद नाही.” कुणाला उद्देशून नव्हतं ते. आणि धाकटे भाऊ हसले. खरंच हसले, नाकातून, लहानपणापासून ज्या माणसाच्या विनोदाला हसायची सवय असते त्याला हसावं तसं. मोठ्या भाऊंच्या ओठांचा कोपराही हलला. मग दोघांच्याही लक्षात आलं आणि ते पुन्हा पडद्याकडे बघू लागले. मामा छताकडे बघत होते. मला क्षणभर वाटलं, आता हे कागद फाडतील. पण तसं काही झालं नाही. पडद्यावर म्हाताऱ्याचा चेहरा थिजला, नावं वर सरकू लागली, आणि माजींनी मान हलवून टीव्ही बंद करायला सांगितलं.

मामांनी यादी वाचायला घेतली. भराभर वाचत होते. मिल, घर, बंगला, गोदामं. दोघे भाऊ एकेका ओळीला मान डोलवत होते. माझी ओळ आली तशी गेली. शेवटची ओळ मामांनी आणखी भराभर आणि आवाज खाली आणून वाचली, आणि सहीसाठी पेन काढलं.

माजींनी माझ्याकडे पाहिलं. “शेवटचं काय वाचलं त्यांनी? ताई, तू वाच. मोठ्याने.”

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली. मी उठून माजींच्या खुर्चीजवळ गेले. त्यांना ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागायचं, रोजच लागायचं, चहा हवा का हेही ओरडूनच विचारावं लागायचं. तसंच ओरडून मी वाचलं, “मातोश्री सहा महिने जळगाव, सहा महिने धुळे.”

माझा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

माजींना धक्का बसला असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून म्हणता आलं नसतं. त्या काहीतरी हिशोब लावत असाव्यात, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरत होता. मग त्यांनी विचारलं, “मग दिवाळी कुठे?”

याचा विचार कुणीच केला नव्हता. मोठे भाऊ म्हणाले, “दिवाळी इथेच.” ताबडतोब धाकटे म्हणाले, “दर वर्षी इथेच का?” पाच महिन्यांनंतर ते एकमेकांशी बोलले ते हे. मोठे म्हणाले, वडिलांची गादी इथे आहे, लक्ष्मीपूजन इथेच होणार. धाकटे म्हणाले, माझ्या घरी लक्ष्मी येणार नाही का. दोघांचे आवाज चढले. मामांनी वर्तमानपत्र मांडीवर आपटलं आणि मला सांगितलं, एक ओळ वाढवा, दिवाळी आळीपाळीने, एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे.

मी बाहेर जाऊन चारही कागद पुन्हा मशीनला लावले. कार्बन नीट जुळायला वेळ लागतो. जुळवताना मला वाटलं, आता हात मशीनवर आहेतच, आपली ओळ खोडून टाकावी. ‘टायपिस्टसह’ या सहा अक्षरांवर फुल्या मारायला किती वेळ लागतो. पण मी तसं केलं नाही. दिवाळीची ओळ घातली आणि आत नेऊन दिली. सह्या झाल्या.

सगळे उठल्यावर मी मोठ्या भाऊंना मघाच्याच चढ्या आवाजात म्हटलं, “भाऊ, मशीनच्या ओळीत मलाही घातलंय. मला कुणी विचारलं नाही.”

ते गोंधळले. खरंच गोंधळले. म्हणाले, “ताई, धुळं तुमचं गाव. आम्हाला वाटलं तुम्हाला बरंच पडेल. धाकट्याला तिकडे सरकारी पत्रव्यवहाराला विश्वासाचं माणूस हवंय. तुम्ही नको म्हणत असाल तर बघू.”

त्यांना माझ्या भावाबद्दल, घराबद्दल काही माहीत नव्हतं. सांगणार तरी काय, आणि त्या दिवशी कुठल्या तोंडाने? मी काही बोलायच्या आत माजी आपल्या खुर्चीतून म्हणाल्या, “नाव माझं पण आहे त्यात, ताई. तुझ्या खालच्या ओळीत.” तक्रार नव्हती. दोन बायका एका बाकावर बसल्या असताना एकीने दुसरीला थोडं सरकून जागा द्यावी, तसं होतं ते. मी सह्यांचे कागद गोळा केले.

घरी जाताना मी ठरवलं होतं की आईला सांगायचं, नोकरी सोडतेय. कोर्टासमोर टायपिंगवाले बसतात, तिथे एक जागा बघीन. आईला मी झाला प्रकार सांगितला. यादीत माझं नाव कसं आलं ते सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने त्यातला एकच शब्द ऐकला.

“धुयाले जावानं का?” धुळ्याला जायचं का, तिने तिच्या अहिराणीत विचारलं. तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. “तुना भाऊनं घर जोडेच शे तठे.”

भावाचं घर तिथे जवळच आहे. आठ वर्षांत तिने त्याचं नाव माझ्यासमोर काढलं नव्हतं. मी समजत होते की तीही माझ्यासारखी रागावून आहे. ती रागावलेली नव्हतीच. ती नुसती वाट बघत होती, आणि मला वाईट वाटू नये म्हणून बोलत नव्हती. त्या रात्री मला राग आला की लाज वाटली, हे आज सांगता येणार नाही. सकाळी उठून मी ऑफिसला गेले आणि मशीनवर घालायचं कापडी झाकण धुवायला घेतलं, कारण ते आता प्रवासाला निघणार होतं.

धुळ्याला पारोळा रोडकडे आम्हाला एक खोली मिळाली. मिल जवळ होती. ऑफिस नवं, सिमेंटचा वास न गेलेलं, आणि टेबलामागे कसलीच भिंत नाही, सगळं उघडं. धाकटे भाऊ उत्साहात होते. पाकिटांवर काय छापायचं हे मला विचारायचे. मी सांगायचे. पण माझ्यात उत्साह उरला नव्हता. मी काम चोख करायचे आणि सहाला निघायचे.

आई पहिल्याच आठवड्यात भावाकडे गेली. मी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत रिक्षाने सोडलं, आत गेले नाही. दोन दिवस राहीन म्हणाली होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी परत आली, चालत. पिशवीत वहिनीने दिलेले शेवेचे लाडू होते. वागले चांगले, म्हणाली. चहा झाला, जेवण झालं, नातू पाया पडला. मग पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, “बठ्ठं बदली गयं तठे. मनी खाट कोठे शे ते बी सापडनी नही.” सगळं बदललं होतं, तिला तिची खाटही सापडली नव्हती. त्यानंतर ती महिन्यातून एकदा जायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायची. मुक्कामाला गेली नाही. माझा भाऊ एकदा मिलच्या ऑफिसात आला होता. शेजारच्या खुर्चीत बसला, पंख्याकडे बघत राहिला, आईचं डोळ्याचं ऑपरेशन करायला हवं म्हणाला, निम्मा खर्च मी बघीन म्हणाला. मी बरं म्हटलं. ऑपरेशनच्या दिवशी तो आला, दिवसभर दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसला. कागदाचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. आमचं एवढंच जुळलं, पण जुळलं.

माजींचे धुळ्याचे सहा महिने दसऱ्यानंतर सुरू झाले. बंगला मोठा होता आणि त्यात बोलायला कुणी नव्हतं. सुनेला, नातवंडांना त्यांची कामं. दुपारी तीन वाजले की त्या गाडीतून मिलवर यायच्या आणि माझ्या टेबलाशेजारी बसायच्या. बंगल्यावर केबल आली होती, टीव्हीवर पंचवीस प्रकार दिसायचे. त्यांची ती साडेतीनची मालिका मध्येच कधीतरी संपली होती आणि शेवटी कंपनी कुणाला मिळाली हे त्यांना कळलंच नव्हतं. मला विचारायच्या. मलाही माहीत नव्हतं. त्या म्हणायच्या, म्हाताऱ्यालाच परत मिळाली असेल. मी ओरडून म्हणायचे, असेल. ऑफिसातले लोक हसायचे.

एकदा त्यांचे सहा महिने संपले तेव्हा त्यांना पोचवायला मला बरोबर पाठवलं. दोघा भाऊंनी एक पद्धत पाडली होती. कुणी कुणाच्या दारात जायचं नाही. धुळ्याची गाडी एरंडोलपर्यंत जायची, जळगावची गाडी तिथे येऊन थांबायची, आणि हमरस्त्यालगतच्या चहाच्या टपरीसमोर माजी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बसायच्या. हे मी ऐकून होते, बघितलं नव्हतं. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना चांगले ओळखत होते. त्यांनी डिक्या समोरासमोर लावल्या आणि गादीची वळकटी, औषधांची पिशवी, पितळी डबा, पाण्याची सुरई असं एकेक सामान इकडून तिकडे गेलं. चार-दोन मिनिटांत झालं. हाताला सवय झालेली.

माजी गाडीतून उतरल्या, पण दुसऱ्या गाडीत बसल्या नाहीत. टपरीच्या बाकावर बसल्या. चहा मागवला. मग मला म्हणाल्या, “इथून पद्मालय जवळ आहे ना? चल, गणपतीला जाऊन येऊ.”

जळगावचा ड्रायव्हर म्हणाला, शेठ वाट बघत असतील. धुळ्याच्या ड्रायव्हरने घड्याळाकडे पाहिलं. माजींनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “इथे कुणाचे सहा महिने चालू आहेत?”

दोघांनी गाड्या सुरू केल्या. आम्ही गेलो. दोन्ही गाड्या एकामागोमाग, पुढच्या गाडीत आम्ही दोघी, मागच्या गाडीत नुसतं सामान. रस्ता खराब होता, झाडी सुरू झाली तशी गाड्या हळू झाल्या. दर्शन झालं. मग तळ्याच्या पायऱ्यांवर माजी बसल्या आणि मीही बसले. पाण्यात कमळाची पानं होती, फुलं फारशी नव्हती. एक बाई पलीकडे कपडे धूत होती.

मला ओरडायचा कंटाळा आला होता. आम्ही तासभर तशाच बसलो. मधेच त्यांची मान पुढे झुकली, डोळा लागला. मी त्यांच्या पायांजवळ चप्पल सरळ करून ठेवली. वर दोघे ड्रायव्हर झाडाखाली पेरू कापून खात होते. ऊन पायऱ्यांवर आलं तेव्हा मीच त्यांना उठवलं.

एरंडोलला परत येऊन त्या जळगावच्या गाडीत बसल्या. काच खाली करून त्यांनी मला आईच्या डोळ्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, आता बरं दिसतं तिला. गाडी निघाली. मी धुळ्याच्या रिकाम्या गाडीत मागच्या बाजूला बसले, आणि पारोळा येईपर्यंत झोपले. ऑफिसात पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते, आणि मशीनजवळ तीन पत्रं टाइप करायची ठेवलेली होती.